बाबा हो म्हणाले

चार-पाच ओळींपुढे मी ‘नाही’ लिहिलं, प्रोग्राम पुन्हा बांधायला लावला, चहा आणायला गेले आणि परत येऊन बघते तर आकार होता तेवढाच. काडीचा फरक नाही. मी स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन पाहिलं. जवळून पाहिल्यावर आकडा लाजून कमी होईल असं मला वाटलं असावं. झाला नाही. मग आणखी दोन ओळींपुढे ‘नाही’ लिहिलं, पुन्हा बांधलं, पुन्हा तेच. इतर कुठल्या दिवशी मी टेबलावर हात आपटला असता, कुणाच्या तरी नावाने बोटं मोडली असती. त्या दिवशी नुसती बसून राहिले. कपातला चहा गार झाला, त्यावर साय धरली, ती मी बोटाने बाजूला केली आणि बोट कशाला पुसावं हे न सुचून तसंच धरून ठेवलं.

आमची कंपनी वायफायचे डबे करते. छताला चिकटवलेले गोल पांढरे डबे, मधोमध हिरवा ठिपका. सगळ्यांच्या डोक्यावर असतात आणि मान वर करून कुणी बघत नाही. त्या डब्यात एक प्रोग्राम बसलेला असतो. फोन आला, लॅपटॉप आला की तो विचारतो, कोण तू, पासवर्ड काय, बरं, ये आत. जगभरची माणसं मिळून हा प्रोग्राम लिहितात, त्यामुळे जगभरच्या माणसांना लागतील त्या सगळ्या सोयी त्यात असतात. आपल्याला त्यातल्या कुठल्या हव्यात ते एका फाइलीत सांगायचं, एका ओळीला एक सोय, आणि मग आपल्यापुरता प्रोग्राम बांधून निघतो. या खेपेला साहेबांनी स्वस्तातला डबा पसंत केला होता. त्याची मेमरी एवढीशी, आणि प्रोग्राम तिच्यात मावत नव्हता. थोडक्यासाठी मावत नव्हता. बॅगेवर बसलं तरी चेन लागत नाही, तसलं थोडकं. “काय काय काढता येतंय बघ,” साहेब सकाळी म्हणाले, “पण गिऱ्हाइकाची बोंब यायला नको. संध्याकाळपर्यंत दे.” खरं तर हे काम माझं नव्हतं. ज्याचं होतं तो दुसरीकडे गेला, आणि जाताना त्याने निरोपाचा केक खाल्ला, सगळ्यांशी हात मिळवले, पण या फाइलीबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि सकाळीच, ऑफिसचा जिना चढताना, धाकट्या भावाचा फोन आला होता. घरात त्याला बारक्या म्हणतात. आता त्याच्या आधी त्याचं पोट दारातून आत येतं, तरी बारक्याच. “ताई, काल मी व्हिडिओवर बाबांना विचारलं. हो म्हणाले.” मी म्हटलं, “कशाला हो म्हणाले?” “तिकडे जायला. त्या आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या केंद्रात. अगं, तिथली एक खाट मोकळी झालीय. त्या बाई आज संध्याकाळपर्यंत धरून ठेवतायत, मग दुसऱ्याला देणार.” मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. माझ्यामागून येणारी माणसं बाजूने चढत गेली. “बारक्या, बाबा सगळ्यालाच हो म्हणतात.” “म्हणून काय त्यांचं हो मोजायचंच नाही? तू नाही म्हणतेयस का? तसं सांग सरळ.” मी नाही म्हणत नव्हते. हो पण म्हणत नव्हते. “संध्याकाळी सांगते,” मी म्हटलं, आणि उरलेला जिना चढले. मला काहीच वाटलं नव्हतं. वडील आपल्या घरात राहणार की घराबाहेर जाणार, हे आज ठरायचं होतं, माझ्या एका शब्दावर ठरायचं होतं, आणि मला दंतवैद्याकडे सुई टोचल्यावर ओठाचं होतं तसं झालं होतं. ओठ आहे हे ठाऊक असतं, तेवढंच.

बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नाही म्हणणं हाच त्यांचा धंदा. खिडकीपलीकडे माणूस उभा राहिला की त्याने तोंड उघडायच्या आत इकडे ‘नाही’ तयार. बेअरिंग आहे का? नाही. मग त्या माणसाने गयावया करायची, बाबांनी चष्मा कपाळावर चढवून त्याला नीट बघायचं, आत जायचं आणि जरा वेळाने बेअरिंग आणून फळीवर आदळायचं. शाळेला सुटी असली की मी तिथे स्टुलावर बसून असायचे. ग्रीसचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास यायचा. घरीही तेच. सहलीला जाऊ? नाही. सायकल? नाही, मुळीच नाही. आणि रविवारी दाराशी सायकल उभी, जुनी, पण घंटा कोरी करकरीत. मी कॉम्प्युटर शिकायला दुसऱ्या गावी जाते म्हटलं तेव्हा त्यांनी इतक्या जोरात नाही म्हटलं की आईने त्याच दिवशी माळ्यावरून ट्रंक खाली काढली. आम्हांला कधी त्या शब्दाची भीती वाटली नाही. तो शब्द घराच्या भिंतीसारखा होता, पाठ टेकायला बरा. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले तेही नाही नाही म्हणतच आले, पिशवी हातात घेऊन, चपला काढता काढता, “मी काही राहणार नाहीये, दोन दिवस बघतो.” त्यालाही बरीच वर्षं झाली.

मग गेल्या उन्हाळ्यात मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि शब्द गेले. सगळे गेले, एक सोडून. राहिला तो ‘हो’. याला काय म्हणायचं? ज्याने जन्मभर हो म्हणायचा कंटाळा केला त्याच्या वाट्याला नेमका तोच यावा! बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी येतात. त्या म्हणाल्या, “त्यांना समजतं बरंच. डोक्यात शब्द वेगळा असतो, तोंडातून निघतो हाच. त्यांच्या ‘हो’वर जाऊ नका.” मग कशावर जायचं ते मॅडमनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बारक्या सहकुटुंब भेटायला आला होता तेव्हा त्याच्या मुलीला या प्रकाराची फार गंमत वाटली. “आजोबा, तुम्ही हत्ती आहात?” “हो.” “मी हत्ती आहे?” “हो.” “बाबा हत्ती आहेत?” “हो,” आणि बारक्याच्या पोटाकडे बघून बाबा स्वतःच हसायला लागले. सगळे हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले. मग मोरीत जाऊन दार लावलं आणि भर दुपारी दात घासले, पुन्हा पुन्हा, फेस येईपर्यंत. का घासले, देव जाणे. शेजारचे लोक म्हणतात, किती शांत झालेत हो तुमचे बाबा, आधी अंगावर यायचे. शांत! मला तर ते म्हातारे झाल्यापेक्षा कुणीतरी दुसरेच आणून बसवल्यासारखं वाटतं. त्यांना बाथरूमपाशी पडलेलं पाहिलं त्या दिवसापासून माझ्या आतला आवाज कुणीतरी बंद करून ठेवलाय. मी सगळं करते. अंघोळ घालते, नखं कापते, केळं कुस्करून भरवते, हनुवटी पुसते. कुणी नावं ठेवणार नाही असं करते. पण ते करताना मी तिथे नसते.

“काय गं, समाधी लागली का?” डब्यातल्या रेडिओच्या बाजूचं काम बघणारे बुवा माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांना छातीपर्यंत दाढी आहे म्हणून बुवा, बाकी देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नाही. मी म्हटलं, “बुवा, मी ‘नाही’ लिहितेय आणि हा ऐकतच नाहीये बघा.” त्यांनी वाकून फाइल पाहिली आणि एकदम खो खो हसायला लागले. दोन टेबलांवरच्या माना वळल्या. “अगं वेडे, याला ‘नाही’ कळत नाही.” “म्हणजे?” “म्हणजे हा फक्त ओळ आहे की नाही एवढंच बघतो. पुढे काय लिहिलंय ते बघतोय कोण? हो लिही, नाही लिही, शिवी घाल. ओळ दिसली की त्याच्या लेखी ते हो.” “मग याला नाही म्हणायचं कसं?” “म्हणायचंच नाही. ओळीच्या डोक्यावर ही खूण मारायची, मग ती ओळ त्याला दिसतच नाही. मुकाट राहायचं. बस्स.” “पण मग शहाण्यासारखं ‘नाही’ लिहिणाऱ्या माणसाने काय करायचं?” “डोकं आपटायचं. सगळे पडतात एकदा या खड्ड्यात. मी पडलोय, तुझ्या आधीचा पडला होता. तुला सांगून गेला नाही का मेला?” आणि दाढी कुरवाळत ते जागेवर निघून गेले. मला हसू यायला हवं होतं. मी पुन्हा फाइल उघडली. माझे ‘नाही’ तिथे ओळीने उभे होते आणि त्यांतला एकूण एक ‘हो’ होऊन बसला होता. बाबांना काल बारक्याने नक्की काय विचारलं असेल? “तिकडे जाल ना?” असंच विचारलं असणार. त्याला विचारायची दुसरी रीत माहीत नाही. तो हॉटेलातही वेटरला “ताजं आहे ना?” असंच विचारतो.

मी एकेक ओळ घेऊन खूण मारत गेले. जुन्या तऱ्हेचं कुलूप, जे आता कुणीही उघडू शकतं, ते काढलं. बटण दाबलं की पासवर्डशिवाय आत घ्यायची सोय होती, तीही काढली. काही ओळी तर मुळातच नकाराच्या होत्या, ‘हिशेब ठेवू नको’ अशी ओळ, तिच्यापुढे हो लिहायचं, म्हणजे हिशेब ठेवला जाणार नाही. असल्या ओळी पाहून इतर वेळी मला मजा वाटते. आज डोळे नुसते वरून खाली फिरत होते. प्रत्येक खुणेला आकडा थोडासा उतरायचा. खोलीत पंख्यांची घरघर होती, तापलेल्या प्लास्टिकचा वास होता, भिंतीला टांगलेल्या डब्यांचे हिरवे ठिपके लुकलुकत होते. शेवटी दोन मोठ्या गोष्टी उरल्या आणि दोहोंतली एकच मावणार होती. पहिलीने काय व्हायचं, तर माणूस फोनवर बोलत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला तरी बोलणं तुटायचं नाही, एक डबा त्याला दुसऱ्याच्या हाती अलगद देतो. दुसरी म्हणजे प्रोग्रामची बडबड. तो काम करता करता सतत सांगत असतो, हा आला, हा गेला, याला मी आत घेतलं नाही कारण अमुक. ही बडबड गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही, आम्हांलाच लागते. काही बिघडलं तर तिच्यावरून कळतं. ती काढली तर डबा काम करेल, अगदी बिनबोभाट करेल, फक्त बिघडल्यावर काय होतंय ते सांगणार नाही. ठिपका हिरवाच राहील. मी दोन्ही ओळी निवडून ठेवल्या आणि माझा हात पुढे जाईना.

तेवढ्यात पुन्हा बारक्या. मी मागच्या गॅलरीत गेले. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेताना ती टीं टीं वाजत होती. “ताई, त्या बाईंचा फोन आला होता. काय सांगू?” “संध्याकाळ झाली का?” “तसं नाही गं, पण ठरव ना. हे बघ, मी लांब राहतो, मला बोलायला तोंड नाही, मान्य. पण तू दिवसभर ऑफिसला. बाबांना सांभाळायला मावशी येतात त्या फोनवर. बाबा खुर्चीत. तिकडे चार माणसं तरी दिसतील.” “मी त्यांना ओझं म्हणाले का कधी?” “तू काहीच म्हणत नाहीस, हाच तर त्रास आहे! महिन्यामागून महिने मी विचारतोय, जमतंय का, ताई, जमतंय का, आणि तू आपली हां हां. तुला ते हवेत की नकोत, एवढं तरी सांगशील?” मी कठड्यावरचा वाळलेला रंग नखाने सोलत होते. मला ते हवे होते की नको होते, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. घरी परत जाताना कोपरा वळला की माझी पावलं हळू होतात हे खरं होतं. आणि मागे एकदा ते तपासणीसाठी दवाखान्यात राहिले, तेव्हा मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसून जेवले होते, हेही खरं होतं. यांतलं बारक्याला काय सांगायचं? “मी बाबांना विचारते,” मी म्हटलं. “काय विचारणार? हो म्हणतील.” “विचारते,” मी म्हटलं आणि फोन बंद केला.

जागेवर येऊन मी बडबडीच्या ओळीवर खूण मारली. प्रोग्राम बांधला. मावला, वर थोडी जागाही उरली. ऑफिसच्या दोन टोकांच्या दोन डब्यांत तो भरला, बुवा फोन कानाला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालून आले, “हॅलो हॅलो, माझं लग्न झालंय, आता फोन करू नका,” असं काहीबाही बोलत. बोलणं कुठे तुटलं नाही. साहेब खूश झाले. “बघ, निघालं ना? काय काढलंस?” मी सांगितलं. “हात्तिच्या, बडबड ना? ती कुणाला हवीय!” ते म्हणाले आणि मला लवकर जायची परवानगी देऊन टाकली. मी मागितली नव्हती. पिशवी घेताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही, आणि भूकही नव्हती.

घरी पोचले तेव्हा चांगलं ऊन होतं. मावशींनी चपला घालूनच दार उघडलं. “दिवसभर गुणी बाळासारखे होते बघा. हे खाता का, हो. झोपता का, हो. असा पेशंट कुणाला मिळतो?” त्या गेल्या. बाबा खिडकीशी खुर्चीत होते, मांडीवर टॉवेल, निकामी हात उशीवर ठेवलेला. त्यांची दाढी कुणीतरी अर्धवट केली होती, डाव्या गालावर पांढरे खुंट राहिले होते. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. किती दिवसांत अशी बसले नव्हते. भरवायला बसते ती बाजूला बसते, तोंड पुसायला सोपं पडतं म्हणून. समोरून पाहिलं तर डोळे तसेच होते, चष्मा वर करून खिडकीपलीकडच्या माणसाला जोखणारे. मी चाचपून पाहावं म्हणून म्हटलं, “बाबा, चहा हवाय?” “हो.” “चहा नको ना?” “हो.” ठीक. “बारक्या काल काय म्हणाला ते कळलं ना? तिकडे जायचं म्हणाला. जायचंय तुम्हांला?” “हो,” बाबा लगेच म्हणाले. याला काही अर्थ नव्हता. हत्तीलाही ते असंच लगेच म्हणाले होते. मला हायसं वाटलं. मी त्यांच्याजवळ सरकले. उत्तर मला माहीतच होतं, ते ऐकून बारक्याला सांगायचं तेवढं उरलं होतं. “मग इथे राहायचंय? माझ्याजवळ?”

बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. खाली कुणीतरी दार आपटलं होतं. “बाबा, ऐकू आलं का?” “हो.” “इथे राहायचं ना? माझ्याकडे?” त्यांनी ओठ मिटून घेतले. तो लोंबलेला उजवा कोपरासुद्धा ते जोर लावून मिटत होते, गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. ‘हो’ त्यांच्या जिभेवर आला होता, मला तो दिसत होता. दुसरं काही येऊच शकत नव्हतं, आणि ते त्याला आतल्या आत दाबून धरत होते, दम लागेपर्यंत. डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मी थांबले. खूप वेळ थांबले. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि तरी तोंड उघडलं नाही.

इतके महिने काही म्हणून दुखलं नव्हतं, ते सगळं आत्ताच दुखायला निघालं. आई गं, किती दुखलं! मी ओरडलेच जवळजवळ, “का पण? माझा कंटाळा आला का तुम्हांला? मी नीट बघत नाही, नुसती कामं उरकते, म्हणून?” “हो,” बाबा म्हणाले. मी त्यांचा हात झिडकारणार होते. मग माझ्या तोंडून दुसरं निघालं, हळू आवाजात, “की माझे हाल होतायत म्हणून? माझ्यासाठी म्हणताय का हे?” “हो,” बाबा म्हणाले. तोच आवाज. तोच हो. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं, एवढासा तरी फरक सापडेल म्हणून पुन्हा पुन्हा शोधलं, आणि पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

बारक्याला मीच फोन लावला. “काय म्हणाले गं?” “जातो म्हणाले.” “बघ! मी सांगत नव्हतो?” “नव्हतास,” मी म्हटलं, “उद्या गाडी घेऊन ये. त्यांची खुर्चीपण न्यायची आहे, तिथली त्यांना चालायची नाही.” तो आणखी काहीतरी चांगलं बोलत होता, ताई, तू खूप केलंस वगैरे, पण मी फोन ठेवला. कपाटातून त्यांचे सदरे काढायला गेले आणि पहिलाच सदरा हातात घेऊन मला रडू फुटलं. हुंदके ऐकून बाबांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली. भुवया वर, कपाळाला आठ्या. काय झालं, असं त्यांना विचारायचं होतं हे कुणालाही कळलं असतं.

“काही नाही, बाबा,” मी डोळे पुसत म्हटलं.

“हो,” बाबा म्हणाले.